दमडी

जत्रेला निघताना आजी मुठीत पैसे कोंबायची आणि बजावायची, "दमडी न् दमडी जपून खर्च कर हो." तिला ठाऊक नसेल, पण दमडीचं मुठीशी जुनं नातं आहे. ग्रीक नाणं 'द्राख्मा', त्याच्या नावाचा मूळ अर्थच मूठभर. त्याचं संस्कृतात 'द्रम्म' झालं. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत ते भेटतं. पुढे झिजून 'दाम'. अकबराच्या काळी रुपयाला ४० दाम आणि दामाचा आठवा हिस्सा दमडी. म्हणजे रुपयाच्या ३२० दमड्या! चमडी गेली तरी दमडी न सोडणाऱ्याचा चिवटपणा यावरून मोजावा. ग्रीसमध्ये २००२ साली युरोची नाणी आली, द्राख्मा गेला. आपली दमडी त्याच्या कितीतरी आधी गेली. 'दीडदमडीचा' मात्र भांडणात अजून खणखणीत चालतो.