रिकाम्या घराची ऊब

गावाला जाताना गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा, मेन स्विच पाडायचा आणि मग कुलूप लावायचं, ही पुण्याची शिस्त घेऊन मी मिनिआपोलिसला आले. इथून डिसेंबरात भारतात निघणाऱ्या मराठी मंडळींना मात्र मी उलटंच बजावते: फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, चालू ठेवून जा. नाहीतर पाइपांतलं पाणी गोठतं, आणि गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं. पाइप तडकतो, आणि पुढे बर्फ वितळला की तळघरात तळं साचतं.

कोळशाच्या काळात ‘चालू ठेवून जा’ म्हणायची सोयच नव्हती. तळघरातल्या भट्टीला माणूस लागे. सकाळी राख झाडायची, कोळसा घालायचा, हवेची झडप उघडायची. रात्री निखारे राखेखाली झाकून झडप मिटायची. एवढं केलं तरी आग रात्र काढी, आठवडा नव्हे. भर हिवाळ्यात घर सोडायचं तर कुणाला तरी भट्टीपाशी नेमा, नाहीतर पाणी बंद करून, सगळ्यात खालचा नळ उघडून घरभरचं पाणी काढून टाका.

शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. शिपाई दर वर्गात डोकावून तापमान बघे आणि तळघरात जाऊन झडपा हलवी. शिकवताना होणारा हा व्यत्यय जॉन्सन यांना खपेना. 1883 मध्ये त्यांनी पेटंट घेतलेल्या यंत्रामुळे वर्गातल्या तापमानाची वर्दी तळघरात घंटी वाजून मिळू लागली. शिपायाची फेरी वाचली, शिपाई राहिलाच.

त्याला रजा दिली ती स्वित्झर्लंडहून इकडे आलेल्या आल्बर्ट बट्झ यांनी, 1885 मध्ये. खोली गार झाली की विजेचं मंडल जुळे, मोटरचा अडसर सुटे, दांडा अर्धा फेरा फिरे आणि साखळी भट्टीची झडप उचले. खोली तापली की आणखी अर्धा फेरा, झडप बंद. या साऱ्या इतिहासात मला मोठा वाटतो तो हा अर्धा फेरा. (कोळसा मात्र अजून हातानेच घालावा लागे. तेल आणि गॅस घरोघर पोचले तेव्हा कुठे ते फावडं सुटलं.) 1906 मध्ये बट्झ यांच्या कंपनीच्या वारसदारांनी या नियंत्रकाला, म्हणजे थर्मोस्टॅटला, घड्याळ जोडलं. पुढे तीच कंपनी हनीवेल झाली.

घर गार करण्याची कथाही मिनिआपोलिसचीच, आणि जरा विचित्र. चार्ल्स गेट्स या धनिकाच्या इथल्या हवेलीत 1914 मध्ये एअर कंडिशनर बसवला गेला. खासगी घरातला हा पहिला मानतात. यंत्र 20 फूट लांब, 7 फूट उंच. गेट्स मात्र घर पुरं होण्याआधीच वारले होते, आणि ते यंत्र बहुधा कधी चाललंच नाही.

आमच्या पहिल्या घरात भिंतीवर हनीवेलची ती गोल तबकडी होती. 1953 साली बाजारात आलेली, हेन्री ड्रेफस यांनी घडवलेली. झाकण काढलं की काचेच्या कुपीत पारा डुलताना दिसे. आजचे थर्मोस्टॅट घरात कुणी नाही हे आपलं आपण ओळखतात आणि पुण्यात बसल्या बसल्या फोनवर आकडा दाखवतात. छान आहे, पण बॅटरी संपली किंवा वायफाय गेलं की तो फोन मुका होतो. माझा भरवसा अजून किल्ली दिलेल्या शेजारणीवरच.

यंदा निघणार असाल तर आकडा 55 फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 13 सेल्सियसच्या, खाली नेऊ नका. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी टाका, म्हणजे पाइपांना ऊब लागेल. आणि घरविम्याची पॉलिसी एकदा वाचा. रिकाम्या घरात पाइप गोठला तर बहुतेक पॉलिसी आजही कोळशाच्या काळातलेच दोन पर्याय विचारतात: घर गरम ठेवलं होतं का, की पाणी बंद करून पाइप रिकामे केले होते?