गॅरेजमध्ये वाढलेली गिटार

इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास बहुतेक वेळा बंडखोरीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. लांब केसांची पोरे, कानठळ्या बसवणारा आवाज आणि वैतागलेले आईबाप, असे ते चित्र असते. पण दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात हे वाद्य ज्या घरांत रुजले, ती घरे जरा जवळून पाहिली की हे चित्र अपुरे वाटू लागते. माझे म्हणणे असे की ही गिटार मोटारीच्या शेजारी वाढली. तिला हत्यारे लागली ती मोटारीचीच, रंग लागला तोही मोटारीचा आणि पैसा लागला तो त्याच कुटुंबाचा. ज्या घरांना स्वतःची गाडी स्वतः खोलायची सवय होती, त्यांनीच गिटारलाही न घाबरता हात घातला.

आधी त्या घरांबद्दल. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरासाठी सोपे कर्ज मिळू लागले आणि लॉस एंजेलिसच्या आसपास शेतजमिनींवर वसाहती उभ्या राहिल्या. एकट्या लेकवुडमध्ये १९५० पासून तीनेक वर्षांत सुमारे १७,५०० घरे बांधली गेली. अशा वसाहतींत मोटारीवाचून चालणे शक्यच नव्हते, त्यामुळे घरासोबत गॅरेज ओघानेच आले. तिथे हत्यारांची फळी असे, दिवा असे, विजेची जोडणी असे आणि दार लावले की घरातल्यांना त्रास होत नसे. याच गॅरेजमध्ये १९३२ ची जुनी फोर्ड भंगारातून आणून, तिचे मडगार्ड काढून, तिच्या व्ही-एट इंजिनाला जास्तीचे कार्ब्युरेटर जोडून ‘हॉट रॉड’ तयार होई. १९४८ च्या जानेवारीत याच नावाचे मासिक निघाले, १९५० मध्ये सांता ॲनाच्या विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती भरू लागल्या आणि १९५१ मध्ये त्या मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. रस्त्यावरची जीवघेणी चढाओढ थांबवून मुलांना नियमांत आणावे, हा त्यामागचा उघड हेतू होता.

सांता ॲनापासून जवळच, त्याच ऑरेंज काउंटीत, फुलर्टन हे गाव. तिथे लिओ फेंडर यांनी १९३८ च्या सुमारास रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. दुकानात येणारे वाद्य नेमके कुठे बिघडते, हे मात्र त्यांना अचूक कळे, आणि त्यांच्या गिटारची सारी घडण या एका जाणिवेतून आली आहे. जुन्या पद्धतीच्या गिटारचा दांडा खोक्याला सरसाने चिकटवलेला असे. दांडा वाकला किंवा पडदे झिजले की वाद्य कसबी कारागिराकडे न्यावे लागे. १९५० च्या सुमारास फेंडर यांनी बाजारात आणलेल्या भरीव लाकडाच्या गिटारला दांडा चार स्क्रूंनी बसवला होता. खराब झाला तर स्क्रू काढायचे आणि नवा बसवायचा. १९५४ च्या ‘स्ट्रॅटोकास्टर’मध्ये तारांचा आवाज टिपणारे पिकअप, बटणे आणि बहुतेक सगळे वायरिंग प्लॅस्टिकच्या एका पट्टीवर आहे. ती पट्टी उलटी केली की आतले सगळे, बॉनेट उघडल्यासारखे, समोर येते. १९५१ च्या ‘प्रिसिजन बेस’ने तर प्रवासाचा प्रश्नच सोडवला. माणसाएवढा उंच डबल बेस गाडीत कोंबायचा किंवा टपावर बांधायचा ही बँडवाल्यांची नित्याची कटकट होती. नवा बेस मागच्या सीटवर मावत होता.

रंगाचा पुरावा तर याहून ठळक. आपल्याकडे फर्निचरवाले ज्याला ड्युको म्हणतात, ते ड्यूपाँ कंपनीचे लॅकर १९२० च्या दशकात मोटारींसाठी आले. त्याआधी गाडीचा रंग वाळायला दिवसच्या दिवस जात. हे लॅकर स्प्रेने मारले की भराभर वाळे आणि त्यात हवे ते रंग मिळत. फेंडर यांच्या कारखान्यात हेच डबे आले. पाच टक्के जास्त मोजले की गिऱ्हाईकाला ड्युकोतला आपल्या पसंतीचा रंग मिळे, आणि १९६० च्या सुमारास छापील रंगतक्ताच निघाला. त्यातला ‘फिएस्टा रेड’ १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डवरचा, ‘लेक प्लॅसिड ब्लू’ १९५८ च्या कॅडिलॅकवरचा, ‘सर्फ ग्रीन’ १९५७ च्या शेव्हरोलेवरचा. त्या काळच्या गिटारी आज हातात घेतल्या तर दिसते की वरचा पारदर्शक हात पिवळा पडून निळा हिरवट झाला आहे, पांढरा सायीसारखा झाला आहे, आणि कुठे टवका उडाला असेल तर खाली आधीचा तपकिरी ‘सनबर्स्ट’ डोकावतो, कारण तयार गिटारवरच नवा रंग चढवून ऑर्डर पुरी केली जाई. १९६३ च्या सुमारास तक्त्यात आलेला ‘कँडी ॲपल रेड’ तर कुठल्या मोटार कारखान्यातून आलाच नव्हता. खाली चकचकीत धातूचा हात आणि वर पारदर्शक लाल, ही युक्ती हौसेने गाड्या रंगवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कारागिरांची. तिचे श्रेय साधारणपणे जो बेलन यांना दिले जाते.

यावर आक्षेप येईल तो असा: फेंडर व्यवहारी माणूस, जवळच्या दुकानात जे लॅकर मिळाले ते त्यांनी वापरले, त्यात संस्कृती कसली? शिवाय बहुसंख्य गिटारी नेहमीच्या सनबर्स्टमध्येच विकल्या गेल्या. दुसरी गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. पण लॅकर खुर्च्या-टेबलांनाही लागत होते, आणि कॅडिलॅकच्या छटेतल्या खुर्चीचा तक्ता छापावा असे कुणाला सुचले नाही. शिवाय हे एकट्या फुलर्टनपुरते नव्हते. न्यूयॉर्कच्या ग्रेच कंपनीने ‘कॅडिलॅक ग्रीन’ गिटार काढली. मोटारींच्या मिशिगन राज्यात असलेल्या गिब्सनने १९६३ च्या ‘फायरबर्ड’साठी थेट रे डिट्रिक यांना गाठले, ज्यांनी पूर्वी पॅकार्ड आणि लिंकनच्या बॉड्या रेखाटल्या होत्या. स्वस्त डब्यांची सोय पाहणारी कंपनी मोटारींचा डिझायनर कशाला बोलावेल?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गॅरेज हे घरापासून पळायचे ठिकाण होते, त्यात कुटुंब कुठे? याला हॉथॉर्न गावच्या विल्सन कुटुंबाचे उदाहरण पुरे आहे. ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन भाऊ, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन यांनी १९६१ मध्ये ‘बीच बॉइज’ हा बँड सुरू केला. सरावाची खोली म्हणजे घराचे गॅरेजच, वडिलांनी संगीतासाठी बदलून घेतलेले. सुरुवातीची वाद्ये आणायला जार्डिनच्या आईने पैसे दिले आणि वडील मरी विल्सन १९६४ पर्यंत बँडचे मॅनेजर होते. १९६२ चे ‘४०९’ हे गाणे शेव्हरोलेच्या इंजिनाच्या आकारावर, १९६३ चा ‘लिटल ड्यूस कूप’ हा अल्बम जवळजवळ सगळा गाड्यांवर. मरी विल्सन कठोर बाप होते, घरात भांडणे होती, आणि शेवटी मुलांनी त्यांना कामावरून दूर केले. पण भांडण आहे म्हणून कुटुंब नाही, असे कोण म्हणेल? बंडासाठी लागणारी जागा, वीज आणि वाद्य, तिन्ही घरातूनच आली.

मात्र या घरांची दारे सगळ्यांना उघडी नव्हती, आणि हे सांगितल्याशिवाय हा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. लेकवुडसारख्या वसाहतींत काळ्या कुटुंबांना घर मिळत नसे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घरांबाबतचे वंशभेदी करार अंमलात आणता येणार नाहीत असे ठरवूनही वहिवाट चालूच राहिली. तरी छंद कुंपणाबाहेरही पोचला. पॅकोइमाच्या रिची व्हॅलेन्स या गायकाने विशी गाठण्याआधीच फेंडर हातात घेऊन नाव मिळवले. पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी गाड्या खाली बसवून व्हिटियर बुलेव्हार्डवर हळूहळू फिरवल्या, आणि ‘दी मिडनायटर्स’ या बँडने १९६५ मध्ये त्या रस्त्याच्याच नावाची धून काढली. खुद्द फेंडरच्या कारखान्यात १९५६ पासून पिकअपच्या तारा गुंडाळणाऱ्या अबिगेल इबारा आणि त्यांच्यासारखे अनेक कामगार याच समाजातले होते. त्यांची नावे गिटारप्रेमींना उशिरा कळली, ही गिटारच्या इतिहासलेखनाची मोठी उणीव आहे.

१९६५ च्या जानेवारीत फेंडर यांनी कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली. पुढच्या दशकांत मोटारीचे इंजिन घरी खोलण्याजोगे उरले नाही. गिटारचा दांडा मात्र अजूनही चार स्क्रूंवर बसतो. तक्त्यातला ‘शेल पिंक’ ज्या डिसोटोवरून आला, आणि जी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातूनही बाहेर पडत असे, ती अमेरिकेत १९६० च्या अखेरीस बंद झाली. ‘बर्गंडी मिस्ट’ची ओल्ड्समोबिल २००४ मध्ये थांबली, ‘शोअरलाइन गोल्ड’ची पॉन्टिॲक २०१० मध्ये, ‘शेरवुड ग्रीन’ची मर्क्युरी २०११ मध्ये. हे चारही रंग फेंडरच्या गिटारींवर त्यानंतरही त्याच नावांनी विकले गेले आहेत.