लीप वर्षाची अट: ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचा दोन हजार वर्षांचा इतिहास

१/ प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला ‘जर–तर’ची अट शिकवताना एक सराव हमखास दिला जातो: दिलेले वर्ष लीप आहे की नाही, ते ओळखा. कोड जेमतेम दोन ओळींचा. पण त्या ओळींमागे मोठा इतिहास आहे, आणि त्याचा धागा रायगडावरील राज्याभिषेकापर्यंत पोहोचतो.

२/ पहिली अट ज्युलियस सीझरची. इ.स.पू. ४५ पासून त्याची दिनदर्शिका लागू झाली. नियम एकच: दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवावा. पण रोमन लोक मोजताना आरंभीचे वर्षही धरत. सीझरच्या हत्येनंतर पुरोहितांनी दर तीन वर्षांनी दिवस वाढवला. ३६ वर्षांत ९ ऐवजी १२ दिवस वाढले. पुढे ऑगस्टसने काही लीप वर्षे गाळून मेळ घातला.

३/ नियम नीट पाळूनही दोष उरलाच. सौर वर्ष ३६५.२५ दिवसांहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. साधारण १२८ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात २१ मार्चपासून दहा दिवस मागे सरकला होता आणि त्यावर अवलंबून असलेल्या ईस्टरचे गणित बिघडले होते.

४/ लिलियस या वैद्याची योजना आणि क्लावियस या गणितज्ञाचे साहाय्य घेऊन पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुधारणा केली. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. पुढच्यासाठी नवी अट ठरली:

(४ ने भाग जातो आणि १०० ने जात नाही) किंवा ४०० ने जातो.

५/ आता शब्द बदलून पाहा. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ लिहिले, तर २०२३ सुद्धा लीप ठरते. उलट ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ लिहिले, तर एकही लीप वर्ष उरत नाही. कारण ४०० ने भाग जाणाऱ्या संख्येला १०० नेही भाग जातोच. म्हणून कोड तपासताना २०२३ आणि २०२४ पुरेशी नाहीत. १९०० आणि २००० हवीतच.

६/ या शब्दांना गणिताचे रूप दिले एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बूल यांनी. त्यांचे समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ चा, आपल्या मदुराईतला. त्यांच्या नावाचा नियम सांगतो की संपूर्ण अट नाकारली की ‘आणि’चे ‘किंवा’ होते, ‘किंवा’चे ‘आणि’. लीप नसलेल्या वर्षाची अट त्यावरून लिहून पाहा.

७/ आता रायगड. ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६. आपण म्हणतो ६ जून १६७४. ही तारीख जुन्या, ज्युलियन गणनेची. मुंबई-सुरतेचे इंग्रज तीच वापरत. पोर्तुगालने ग्रेगरींची सुधारणा १५८२ मध्येच स्वीकारली होती. त्यामुळे गोव्यातील पोर्तुगीजांच्या गणनेत तोच दिवस १६ जून होता.

८/ इंग्लंडने नवी गणना १७५२ च्या सप्टेंबरमध्ये स्वीकारली. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकालाही अट लिहावी लागते: जर साधन इंग्रजी असेल आणि तारीख त्या बदलापूर्वीची असेल, तर दिवस मिळवा. सतराव्या शतकासाठी १०, पण १७०० च्या मार्चपासून ११.

९/ दहाचे अकरा का झाले? १७०० ला ४ ने भाग जातो, १०० नेही जातो, पण ४०० ने जात नाही. इंग्रजांनी त्या वर्षी २९ फेब्रुवारी मोजला. गोव्यात तो दिवस उगवलाच नाही. ही अट सुटली, तर सुरतेचे पत्र आणि गोव्याचे पत्र यांतले आधीचे कोणते, हेच उलटे ठरू शकते. कार्य आणि कारण यांची अदलाबदल व्हायला तेवढे पुरते.