भिवंडीच्या गोदामातील मोजणी कोणाच्या हाती?

मुंबई-नाशिक महामार्गावर माणकोली नाका ओलांडला, की दोन्ही अंगांना पत्र्याच्या उंच शेडची रांग सुरू होते. दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही एके काळची भातशेतीची गावे आज देशातील सर्वात मोठ्या गोदाम पट्ट्यांपैकी एक म्हणून ओळखली जातात. मुंबई-ठाण्यातील ग्राहक घरबसल्या मागवतो त्यातील बराच माल याच पट्ट्यातील एखाद्या मांडणीवरून उचलला जातो. कृत्रिम बुद्धिमत्ता, व्यक्तिगत माहितीची गोपनीयता आणि अमेरिका व चीन यांच्यातील तंत्रस्पर्धा या विषयांची चर्चा होते तेव्हा सहसा वॉशिंग्टन, बीजिंग आणि दिल्लीची नावे घेतली जातात. भिवंडीत हे तिन्ही प्रश्न एकाच छपराखाली येतात.

गोदामे येथे आली ती तंत्रज्ञानामुळे नव्हे, तर जकातीमुळे. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. म्हणून व्यापाऱ्यांनी तो हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या स्वस्त जमिनीवर साठवण्यास प्रारंभ केला. न्हावा-शेवा बंदर आणि महामार्ग जवळ असल्याने हा साठा वाढतच गेला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात संपली, पण गोदामे हलली नाहीत. तोपर्यंत त्यांना नवा धनी मिळाला होता. अमेझॉनने जून २०१३ मध्ये भारतात विक्री सुरू केली ती भिवंडी परिसरातील गोदामाच्या आधारावर. २०१८ मध्ये फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा वॉलमार्टने घेतला आणि या क्षेत्रातील दोन प्रमुख स्पर्धकांची अंतिम मालकी अमेरिकेत गेली.

अशा गोदामात कामगाराच्या हाती एक छोटे स्कॅनर असते. कोणती वस्तू, कोणत्या मांडणीवर, कोणत्या कप्प्यात, हे ते यंत्रच सांगते. वस्तू उचलून तिचा बारकोड वाचला की ती वेळ सेकंदासह नोंदली जाते. दिवसभरात अशा शेकडो नोंदी होतात आणि त्यांतून संगणक कामाचा वेग काढतो. त्याच नोंदींवरून पुढच्या आठवड्यात कोणता माल किती लागेल, तो कोठे ठेवावा आणि किती माणसे बोलवावीत याचे अंदाज बांधले जातात. ग्राहकाला दुसऱ्या दिवशी पाकीट मिळते ते यामुळेच. मात्र दोन नोंदींमधील मोकळी जागाही नोंदच असते. पाणी पिण्यास, स्वच्छतागृहात जाण्यास किंवा पाठ टेकण्यास लागलेला वेळ त्या रकान्यात आपोआप उतरतो.

मोजणी भिवंडीला नवी नाही. यंत्रमागावरील कामगाराची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते. तागा उतरला की मीटर मोजले जातात आणि त्यावर मुकादमाशी हुज्जतही घालता येते, कारण कापड दोघांच्याही समोर असते. जानेवारी २००७ मध्ये वीजवितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे गेले. देशातील हा अशा प्रकारचा पहिला मोठा प्रयोग होता. त्यानंतर वीजमीटर वेगाने पळतात का, यावरून शहरात बराच असंतोष उसळला. तक्रार खरी की खोटी हा भाग वेगळा. पण मीटर निदान भिंतीवर होता, आकडा वाचता येत होता. गोदामातील वेगाचा आकडा कामगाराला तेव्हाच दिसतो, जेव्हा मालक तो दाखवू इच्छितो.

कायद्याचा प्रश्न येथून सुरू होतो. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर दिला. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा सादर केला. मुंबई दंगलीच्या चौकशी आयोगामुळे मुंबईकरांना हे नाव परिचित आहे. नोकरीत मालक आणि नोकर समान पातळीवर नसल्याने तेथील संमतीला फारसा अर्थ उरत नाही, हे समितीने ओळखले होते. म्हणून हजेरी वा कामाचे मूल्यमापन यांसाठी विनासंमती माहिती वापरण्याची मुभा त्या मसुद्यात होती, पण ती अटींसह होती. आणि स्वतःची माहिती पाहण्याचा हक्क त्यात संमतीशी जखडलेला नव्हता.

ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात चित्र बदलले. कलम ७ नुसार नोकरीच्या प्रयोजनासाठी, तसेच मालकाला हानीपासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरता येते. त्याहून महत्त्वाची तरतूद कलम ११ मध्ये आहे. आपल्याविषयी कोणती माहिती जमवली आहे हे विचारण्याचा हक्क तेथे ज्याने पूर्वी संमती दिली आहे, त्याला दिलेला आहे. कलम १२ मधील दुरुस्तीचा हक्कही तसाच. दोन्ही कलमे एकत्र वाचली तर विचित्र निष्कर्ष निघतो. ज्या ग्राहकाने पाकीट मागवताना संमतीची खूण केली, तो कंपनीकडे आपल्या माहितीचा हिशेब मागू शकतो. ते पाकीट भरणाऱ्या कामगाराची माहिती संमतीविना घेतली असेल, तर त्याला तो मागता येत नाही. तक्रार निवारणाची सोय आणि माहिती सुरक्षित ठेवण्याचे मालकावरील बंधन एवढे त्याच्याकडे उरते.

याउलट, परकी सत्तेचा संशय आला की शासनयंत्रणा तत्पर होते. जून २०२० मध्ये गलवानमधील चकमकीनंतर त्याच महिन्याच्या २९ तारखेस टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली. सरकारी संस्थांमध्ये सुमारे दहा लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे असून त्यांचे चित्रण परदेशातील सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे, असे तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान राज्यमंत्री, अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी २०२१ मध्ये संसदेत सांगितले. ९ एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या कॅमेऱ्यांची, त्यांच्या मूळ सॉफ्टवेअरसह, भारतीय प्रयोगशाळेत तपासणी बंधनकारक झाली. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी प्रणालीचा बोलबाला झाला, त्याच महिन्यात केंद्रीय अर्थ मंत्रालयाने चॅटजीपीटी आणि डीपसीक या दोन्ही प्रणाली कार्यालयीन संगणकांवर वापरू नयेत, असे आपल्या कर्मचाऱ्यांना कळवले. संशय केवळ चीनपुरता नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याआधी मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांचे इंडिया एआय अभियान मंजूर झाले होते.

या काळज्या अनाठायी नाहीत. परक्या देशातील कंपनीच्या हाती देशभरातील चित्रण जाणे हा गंभीरच विषय आहे. मात्र या सर्व नियमांत विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: माहिती सीमेबाहेर जाते का? गोदामाच्या छतावरील कॅमेरा कोणत्या देशाचा, हे तपासले जाते. त्याच्याखाली उभ्या असलेल्या माणसाचे चित्रण किती काळ ठेवले जाते आणि त्यावरून त्याच्याविषयी काय ठरवले जाते, हे तपासण्यासाठी तशी प्रयोगशाळा नाही.

अन्य देशांनी हा दुसरा प्रश्न हाताळला आहे. फ्रान्सच्या माहिती संरक्षण आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये अमेझॉनच्या तेथील गोदाम कंपनीला ३ कोटी २० लाख युरोंचा दंड जाहीर केला. आधीच्या वस्तूनंतर सव्वा सेकंदाच्या आत पुढची वस्तू स्कॅन केल्यास ती चूक नोंदवणे आणि दहा मिनिटांहून अधिक काळ स्कॅनर स्वस्थ राहिल्यास त्याची नोंद करणे, यावर आयोगाचा आक्षेप होता. कंपनीला हे निष्कर्ष अमान्य होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला कायदा भिवंडीच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. तेथे गोदाम कामगाराला ठरवून दिलेले काम लेखी सांगावे लागते, आणि त्या कोट्यामुळे आपली विश्रांती हिरावली जाते असे त्याला वाटल्यास तो आपल्या मागील ९० दिवसांच्या वेगाच्या नोंदी मागू शकतो. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या प्रणालींना, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, मनाई केली.

भारतात हा विषय पुढे आला तो अपवादानेच. हरियाणातील मानेसर येथील अमेझॉनच्या गोदामात सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी वा स्वच्छतागृहासाठी न जाण्याची शपथ कामगारांना घ्यायला लावल्याचे वृत्त आले, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जून २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस पाठवली. कर्नाटकाने २०२५ च्या आपल्या गिग कामगार कायद्यात, स्वयंचलित प्रणाली कामाचे निर्णय कसे घेतात हे कामगारास सांगण्याचे बंधन घातले आहे; पण तो कायदा प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांचा आहे, गोदामात पाळीवर येणाऱ्यांचा नव्हे.

महाराष्ट्राजवळ याच क्षेत्रातील एक जुना कायदा आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ मध्ये आलेल्या माथाडी कायद्याने हमालाची मजुरी मुकादमाच्या वहीतून काढून मंडळाच्या नोंदवहीत आणली. त्या नोंदवहीत मालकही नोंदवलेला असतो आणि हमालही. ऑनलाइन विक्रीच्या गोदामात माल निवडणारे व बांधणारे हात बहुधा कंत्राटदारामार्फत येतात. त्यांच्या वेगाची वही स्कॅनरमागील संगणकात असते. माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. पण कलम ११ ची शब्दरचना नियमांनी बदलत नाही, त्यासाठी संसदेलाच दुरुस्ती करावी लागेल.