बांधावरचं पाऊल

ही एकाच बाईची नोंद नाही. पेठ, सुरगाणा, इगतपुरी या नाशिकच्या पावसाळी तालुक्यांत भात-नागलीच्या आवणीला उतरणारी कुणीही ती असू शकते, म्हणून नाव देत नाही. अंकुशकृमीचं, म्हणजे आतड्यात राहून रक्त पिणाऱ्या जंताचं, वेळापत्रक मात्र ठरलेलं असतं. तास मोजलेत ते बाईच्या बाळंतपणापर्यंतचे.

४५६० तास बाकी

जून संपत आलाय. पहाटेच्या अंधारात कुणीतरी बांधाआड बसून जातं. त्या विष्ठेत अंडी आहेत. या जंताची एकेक मादी दिवसाला हजारोंनी घालते. कडक ऊन असतं तर अंडी सुकून गेली असती. पण आभाळ भरलेलं आहे आणि माती ओली, उबदार.

४५२० तास

अंडी फुटली. अळ्या मातीतच दोनदा कात टाकतील. आठवडाभरात केसाहून बारीक, काही न खाणारी अळी गवताच्या ओल्या पात्यावर चढून कातडीची वाट पाहू लागेल.

४३२० तास

आवणी सुरू आहे. पाठीवर इरलं, हातात रोपांची जुडी, पोटात चौथा महिना. चिखलात चप्पल रुतते, म्हणून ती घरीच राहिली. खाचरात साचलेल्या पाण्यात या अळीचा टिकाव लागत नाही. ती असते बांधावरच्या दमट मातीत, जिथे बाई भाकर खायला टेकते. पायाच्या बेचक्यातून आत शिरायला तिला काही मिनिटं पुरतात. कातडीच्या पेशींना धरून ठेवणारा थर विरघळवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, ती सोबत घेऊनच आलेली असते.

४३१० तास

रात्री पाय खाजतो. सासू म्हणते, "चिखल्या झाल्यात, तेल-हळद लाव." खरोखरच्या चिखल्यांनीही असंच खाजतं, मग तिला दोष कसा द्यायचा? हा जंत कातडीतून शिरतो हे डॉक्टरांनाही उशिराच कळलं. १८९८च्या सुमारास कैरोत आर्थर लूस यांच्या हातावर अळ्या असलेलं पाणी सांडलं, हात लाल होऊन खाजला आणि पुढे त्यांच्याच विष्ठेत अंडी सापडली.

४१५० तास

अळ्या रक्तातून हृदयात, तिथून फुप्फुसात, मग घशापर्यंत आल्या आणि आवंढ्यासरशी पोटात उतरल्या. दोन दिवस कोरडा खोकला झाला. भिजली असेल, असं घरच्यांना वाटलं.

३३०० तास

लहान आतड्यात आता सेंटीमीटरभर लांबीचे जंत आहेत. शंभर धरू. प्रत्येक जण दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलीटर रक्त घेतो, म्हणजे सगळे मिळून ३ मिलिलीटर. चमचाही भरत नाही. पण रोज.

इथे थांबायलाच हवं, कारण जंताची दुखरी नस इथेच आहे. प्यालेलं रक्त त्याला पचवावं लागतं. त्याच्या आतड्यात तांबड्या पेशी फुटतात आणि एपीआर-१ हे विकर हिमोग्लोबिनवर पहिली कात्री चालवतं; पुढचे तुकडे बाकीची विकरं करतात. उरतं ते हीम, हिमोग्लोबिनचा लोह असलेला भाग. ते खुद्द जंतालाच विषारी असतं. जीएसटी-१ हे दुसरं विकर त्याला धरून निरुपद्रवी करतं. ही दोन विकरं अडवली तर जंत भरल्या ताटावर उपाशी राहील, नाहीतर स्वतःच्याच जेवणाने विषबाधा होऊन मरेल. आणि अडवणारी प्रतिपिंडं लसीने बाईच्या रक्तात तयार केली, तर जंत ती आपणहून गिळेल.

याआधी अळीच्या एएसपी-२ या प्रथिनाची लस ब्राझीलमध्ये करून पाहिली होती. ज्यांना पूर्वी या जंताची लागण झाली होती, त्यांच्यातल्या काहींच्या अंगभर गांध्या उठल्या. शरीर त्या प्रथिनावर आधीच चिडलेलं होतं. तो मार्ग सोडून संशोधक मोठ्या जंताच्या विकरांकडे वळले. एपीआर-१ची कात्री बोथट करून ते लसीत घातलं. पीटर होटेझ आणि मारिया एलेना बोटाझी यांच्या टेक्सासमधल्या गटाचं हे काम आहे. २०२२ साली आपल्या १२ ते १४ वर्षांच्या मुलांना दिलेल्या कोर्बेव्हॅक्स या कोविडच्या लसीचं मूळ प्रथिनही त्यांच्याचकडून हैदराबादला आलं होतं. कोविडची लस मुलांच्या दंडापर्यंत पोचली. अंकुशकृमीची मात्र माणसांवरच्या चाचण्यांतच आहे, बाजारात आलेली नाही.

कल्पना चालते, याचा पुरावा मेंढ्यांमध्ये आहे. त्यांच्या पोटात रक्त पिणाऱ्या जंताच्या आतड्यातली विकरं वापरून केलेली लस ऑस्ट्रेलियात २०१४ पासून मिळते. मेंढीसाठी जे जमलं, ते आवणीच्या बाईसाठी अजून का नाही, हा प्रश्न मला सोडत नाही. अंकुशकृमीचं गिऱ्हाईक अनवाणी असतं. लसीसाठी त्याच्या खिशात पैसे नसतात.

२४०० तास

सप्टेंबर संपतोय. गर्भारपणाच्या मधल्या तिमाहीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी द्यायची असते. तिची गोळी गावात राहिली. कुटुंब गोडी छाटणीला दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत उतरलं होतं. मिळाली असती तर बरेचसे जंत पडले असते. पण भातकापणीला पाय पुन्हा त्याच बांधावर पडणार, आणि गोळी पुढच्या लागणीपासून राखण करत नाही.

७२० तास

चढावर दम लागतो. पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरी. भाजकी माती खावीशी वाटते. "डोहाळे," बाया म्हणतात.

आतापर्यंत तीनशेवर मिलिलीटर रक्त गेलंय. शिवाय बाळाचं लोह तिच्याच अंगातून जातंय.

० तास

जानेवारीची रात्र. हिमोग्लोबिन सहा. मूल रडलं, बाई शांत आहे. धडधाकट बाई बाळंतपणात अर्धा लिटर रक्त जाणं सोसते. हिच्या अंगात सोसायला उरलेलं नाही. खालचं कापड बदललं, पुन्हा भिजलं. हात गार पडतायत.

नाशिकहून निघालेली रक्ताची ३५० मिलिलीटरची पिशवी अजून सावळ घाटात आहे. आतड्यातले जंत पीतच आहेत.