प्रेक्षकांची वही

मराठी नाटकाची सुरुवात सांगलीची. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी तिथे ‘सीतास्वयंवर’ केले. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ आले आणि लोकांना नाट्यपदांचे वेड लागले. त्या जमान्यात प्रेक्षकाचे परीक्षण म्हणजे ‘वन्समोर’! पद आवडले तर पुन्हा म्हणायला लावायचे, नाही तर चुळबुळ. निकाल रोखठोक, उधारी नाही.

१९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली, हौशी मंडळींना परीक्षक मिळाले. आपल्या जिल्ह्यात कुसुमाग्रज, वसंत कानेटकर यांच्यासारखे नाटककार नांदले. त्यांच्या नाटकांवर भरपूर लिहून आले. पण विंचूरसारख्या गावात यात्रेत, गणपतीत होणाऱ्या नाटकाला परीक्षक कोण? समोर सतरंजीवर बसलेले आपणच.

आणि आपण काय म्हणतो? “छान झालं हं!” एवढ्यावर काम करणाऱ्याला काही कळत नाही. मागे ऐकू आले का? कुठे हसलो, कुठे कंटाळलो? तेवढे सांगितले तरी पुढचे नाटक सुधारते.

आम्हा बँकवाल्यांना व्हाउचरशिवाय एंट्री चालत नाही. सोसायटीची पंचवीस वर्षांची सभावृत्ते जपलेली आहेत, पण मंडपातल्या नाटुकल्यांची नोंद फक्त आपल्या डोक्यात, आणि आम्ही म्हातारे किती दिवसांचे? म्हणून ऑफिसात एक वही ठेवावी. तारीख, नाटक, कामे कोणाची, काय आवडले, काय खटकले. सुवर्णमहोत्सवाचा इतिहास लिहिणाऱ्याला तोच पुरावा.