बाभळीचा काटा आणि उघडे पुस्तक

काही वर्षांपूर्वी रद्दीच्या दुकानात मला एक जुने हिंदी पाठ्यपुस्तक मिळाले. नाव 'बाल वैज्ञानिक'. मध्य प्रदेशातल्या सहावी ते आठवीच्या मुलांसाठी केलेले. त्यात ठळक टायपातल्या व्याख्या नव्हत्या. पानोपानी सूचना होत्या : करून पाहा, मोजा, तक्त्यात लिहा, सोबत्यांशी पडताळा. आणि त्यानंतर प्रश्न. उत्तर मात्र छापलेले नव्हते.

मी ज्या शाळेत शिकलो तिथे प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असे. तपासणीच्या दिवशी तेवढे ते उघडे. प्राणवायू कसा तयार करतात, हे मी सुबक आकृती काढून शिकलो आणि गुणही चांगले मिळवले. प्राणवायूत पेटती काडी भडकते, हे प्रत्यक्ष पाहिले ते चाळिशीनंतर. त्यामुळे हे पुस्तक कोणी आणि का केले, याचा शोध घेणे मला भाग पडले.

हा शोध नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात पोचतो. १९७२ साली तिथल्या १६ माध्यमिक शाळांत एक प्रयोग सुरू झाला. पुढाकार दोन संस्थांचा होता : रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीजवळची किशोर भारती. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काम सोडून खेड्यात आलेले शास्त्रज्ञ. शिक्षकांच्या पहिल्या प्रशिक्षणांना टाटा संस्थेतली मंडळी आली. मागोमाग दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि संशोधक आले. शाळा मात्र साध्याच होत्या. त्यांतल्या अनेकांकडे प्रयोगशाळा नव्हती, कपाटही नव्हते.

साधनांची अडचण गावातच सुटली. फुलाचे भाग सुटे करायला सुई हवी होती. बाभळीचा काटा चालला. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, काड्यापेटीतल्या काड्या, रिकाम्या बाटल्या अशा वस्तू वर्गात आल्या. पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अभियंता अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तिथे गेले. काड्या आणि व्हॉल्व्ह-ट्यूब यांपासून आकृत्या जोडण्याची त्यांची पद्धत त्याच मुक्कामात आकाराला आली.

पण काट्याची गोष्ट सांगताना आपण तिथेच थांबतो, आणि माझ्या मते इथेच चूक होते. स्वस्त साधने ही त्या प्रयोगाची डोळ्यांत भरणारी बाजू. मुळाशी होत्या त्या दुसऱ्याच दोन गोष्टी.

पहिली शिक्षकाची. दर इयत्तेसाठी उन्हाळ्यात सुमारे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण, नंतर वर्षभर मासिक बैठका. प्रशिक्षणात शिक्षक स्वतः प्रयोग करत, चुकत, शास्त्रज्ञांशी वाद घालत. "मला माहीत नाही, करून बघू" असे वर्गात म्हणायला लागणारे धैर्य तिथे येई. चालू काळाचे विज्ञान मुलांपर्यंत न्यायचे म्हणजे ताज्या शोधांची यादी पाठ करून घ्यायची, असे आपण समजतो. इथे शास्त्रज्ञांनी आपली कामाची रीतच मुलांपर्यंत नेली. एकच टेबल दहा मुलांनी मोजले तर दहा उत्तरे का येतात? नाणे पुन्हापुन्हा उडवून नोंदी ठेवल्या तर काय दिसते? मोजमापातली त्रुटी आणि संभाव्यता हे आजच्या विज्ञानाचे रोजचे विषय अशा मार्गाने सरकारी शाळेत शिरले. शिवाय मुलांच्या मनातल्या प्रश्नांसाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र होते. त्याला मुले पत्र लिहीत आणि त्यांना उत्तरही येई.

दुसरी गोष्ट परीक्षेची. आठवीच्या लेखी परीक्षेला पुस्तक आणि स्वतःची वही जवळ ठेवायची मुभा होती, आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी होती. पुस्तक उघडे असल्यावर व्याख्या विचारण्यात अर्थ उरत नाही. प्रश्न नवे काढावे लागतात. या एका बदलामुळे वर्गातला प्रयोग चैन न राहता गरज झाला.

१९७८ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्याला लागू केला. १९८२ मध्ये 'एकलव्य' संस्था स्थापन झाली आणि तिने तो पुढे वाढवला. २००२ पर्यंत सुमारे १००० शाळा त्यात होत्या. त्याच वर्षी सरकारने तो बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले. सरकारी शाळेत, सरकारी परीक्षेसह बदल घडवणे हे त्याचे बळ होते. दोरीही अर्थात सरकारच्याच हाती होती.

या कामाचा एक धागा आपल्याकडे आला. पुण्यात आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. तिच्या इमारतीचे नाव 'पुलस्त्य', पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ. अरविंद गुप्तांनी तिथे अनेक वर्षे काम केले, आणि त्यांची खेळणी महाराष्ट्रभर पोचली.

तीच खेळणी घेऊन मी मध्यंतरी एका शाळेत गेलो. काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की कलतो, त्रिकोण मात्र हलत नाही, एवढेच दाखवायचे होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "म्हणून आमच्या गोठ्याच्या फाटकाला बाबांनी तिरकी पट्टी ठोकलीय का?" मी म्हटले, पट्टी काढून बघू या. तिने चौकोनात तिरकी काडी बसवली, मग काढली, पुन्हा बसवली. शेजारच्या मुलाने विचारले, "सर, हे परीक्षेत येणार आहे का?" वर्गशिक्षकांनी घड्याळाकडे पाहिले. त्यांचा दोष नव्हता. भाग संपवायचा होता.

त्या मुलाच्या प्रश्नाला मला 'नाही' असेच उत्तर द्यावे लागले. होशंगाबादच्या शिक्षकांना तीस वर्षे 'हो' म्हणता येत होते. विज्ञान जत्रा, प्रदर्शने, खेळणी हे सारे आपल्याकडे आज पुष्कळ आहे. त्या मुलीच्या फाटकाला उत्तरपत्रिकेत जागा मिळत नाही, तोवर कपाटाचे कुलूप निघाले असे मी मानणार नाही.